पाठ झालेली चित्रं

४ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. नमस्कार.

फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी गुडघा कसा आहे विचारलं आणि तुम्ही "हो हो, पोचला" म्हणून ठेवून दिलात. तेव्हा आता पत्र. पत्रात तरी तुम्हाला माझं ऐकू येईल.

काम भिंगरीचं आहे. पुढच्या वर्षी तिला मोठ्या शाळेत घालायचं. तिथे जानेवारीत एकेका मुलाला आत बोलावतात, आईबाप बाहेर. समोर चित्रं मांडतात आणि विचारतात, यात काय काय दिसतं ते सांग. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा नातू गेल्या वर्षी नुसता बोटं चोखत उभा राहिला, तर त्याला घेतलंच नाही. आपली भिंगरी जिभेची तिखट. गाणं एकदा कानावर पडलं की पाठ. पण चित्र पुढे धरलं की हिचं लक्षच नाही. पान उलटते आणि उजेडाकडे तोंड करून बसते. बालवर्गाच्या बाई म्हणाल्या, घरी चित्रांची पुस्तकं दाखवत जा. दुकानात गेले तर भिंतभर पुस्तकं. दुकानदार म्हणाला, हे घ्या, हे फार खपतं. खपतं म्हणून घ्यायला ते काय साबण आहे?

तुम्ही जन्मभर बालवर्ग सांभाळलात. मलाही तुम्हीच वाचायला लावलंत. तुम्ही सांगाल तीच घेईन.

मी अजून कापड तपासायच्या टेबलावरच आहे. खालून दिवे, वरून कापड सरकत राहतं, आणि आपण तुटका धागा, गाठ, डाग शोधत बसायचं. संध्याकाळी डोळे मिटले तरी कापडच सरकतं. हे त्यांच्या लिफ्टदुरुस्तीच्या मागे. सकाळी या इमारतीत अडकलेले, दुपारी त्या.

एक सांगायचं राहिलं. भिंगरी पुस्तक अगदी नाकाला लावून बसते. विचारलं तर म्हणते, वास घेते. हे म्हणाले, घ्या, मामांवर गेली.

तुमची,
ठकू


११ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी खिडकीतली खुर्ची उन्हात ओढून ते दोनदा वाचलं. खालच्या लॉंड्रीतून इस्त्रीची वाफ वर येते. तो वास आला की मला शाळेचा पहिला दिवस आठवतो. कडक गणवेश, कोरं पुस्तक, आणि मधलं पान उघडून त्यात नाक खुपसलेली चाळीस पोरं. भिंगरी पुस्तकाचा वास घेते हे वाचून माझे डोळे भरून आले. ठकू, वास घेणारं मूल पुस्तकाचं होतंच. तू मुळीच घाबरू नकोस.

आता पुस्तकांचं. दुकानात गेलीस की आधी अक्षरांची पुस्तकं बाजूला सार. अक्षरं कुठे पळून जात नाहीत. एका पानावर एकच मोठं चित्र असावं. ज्या चित्रात वीस गोष्टी असतात ते आईबापांना आवडतं, मूल त्यात हरवतं. पुठ्ठा जाड हवा, कोपरे गोल हवेत, म्हणजे चावलं तरी चालतं. आणि चित्रातल्या प्राण्याला काहीतरी हवं असलं पाहिजे. नुसता उभा असलेला बैल म्हणजे बैलाचा फोटो. त्या बैलाला नदीपलीकडे जायचं असेल तर ती गोष्ट.

पहिलं घे ते गोगलगाईचं. ती बागेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते, एवढंच. दर पानावर एक नवी अडचण. दुसरं एका माकडिणीचं, तिला आपली टोपी सापडत नाही आणि ती सगळ्यांच्या डोक्यांवर शोधते. एवढी दोन पुरेत. पुस्तकांचा ढीग करू नकोस. एकच पुस्तक शंभरदा वाचलेलं मूल मला शंभर पुस्तकं एकदा चाळलेल्या मुलापेक्षा जास्त आवडतं.

आणि वाचून दाखवताना खाली छापलेलं नुसतं वाचू नकोस. ते कोरडं असतं. आमच्या वर्गात मी प्रत्येक पानाला दोन ओळी जुळवायचो. शेवटच्या तासाला सगळा वर्ग डुलत डुलत म्हणायचा आणि शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई दारात येऊन उभ्या राहायच्या. रागवायला येत, पण पाय ताल धरायचा. तशा ओळी सोबतच्या कागदावर दिल्या आहेत. पहिल्या पानाला म्हण,

गोगलगाय निघाली दूर,
पाठीवर घर, मनात हुरहुर.

आणि पुलाच्या पानाला,

आला पूल, पाणी खाली,
गोगलगाय हळूच गेली.

चाल तुला येतेच. तुझी मुंडी हलवायची सवय अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

तुझा,
मामा


२ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. नमस्कार.

मामा, जादू झाली. आठवडाभरात भिंगरीला दोन्ही पुस्तकं आली. आली म्हणजे अशी, की पुस्तक मांडीवर घेते, दोन ओळी म्हणते, पान उलटते, पुढच्या दोन म्हणते. एक ओळ इकडची तिकडे नाही. पुलाच्या ओळीला आवाज बारीक करते. ह्यांनी परवा शिंपीणबाईंना वर बोलावून कार्यक्रमच केला. त्या म्हणाल्या, चार वर्षांची पोर वाचते की हो. हे अशा तोऱ्यात बसले होते की जणू पुस्तक ह्यांनीच लिहिलंय.

मी मात्र रात्री उशीवर डोकं ठेवते तेव्हा शिंपीणबाईंच्या शब्दांवर विश्वास ठेवते आणि सकाळी पुन्हा धास्ती. कारण पोर धांदरट होत चाललीय. नाव भिंगरी, घरभर गरगर फिरायची, आता भिंतीला हात लावत चालते. काल दारातल्या बादलीवर आदळली. बादली निळीभोर, ढोपराएवढी, रोजच्या जागी. म्हटलं, डोळे काय खिशात ठेवलेस? तर हसली. म्हणाली, बादलीच मधे आली. बोलण्यात हार जाणार नाही.

आणखी एखादं पुस्तक सुचवा. आणि ओळी नक्की पाठवा. ओळींशिवाय ती पुस्तकाला हात लावत नाही.

तुमची,
ठकू


१२ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

"ओळींशिवाय हात लावत नाही" हे वाक्य मी लॉंड्रीवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, गुरुजी, आता तुमच्या पायाला जमीन लागणार नाही. खरंच लागली नाही. माझ्या मागे या ओळींचं काय होणार, असं मनात यायचं. वर्ग गेला, पोरं पांगली, कुणी वकील झालं, कुणी नाहीसं झालं. वाटायचं, दुपारच्या उन्हात डुलणारा तो सूर आता कुणाच्याच गळ्यात नसेल. आणि तिकडे तिसऱ्या मजल्यावर एक पोर तो म्हणते आहे.

या पुस्तकासाठी दुकानात जाऊ नकोस. माझ्या ट्रंकेत वर्गातली जुनी प्रत होती, तीच पार्सल करतो आहे. हत्तीला कोट हवा असतो आणि कुठल्याच शिंप्याकडे तेवढं कापड नसतं. तुला आवडेल, तुझ्याच धंद्यातलं आहे. प्रत पोरांनी हाताळलेली आहे, डाग असतील. ओळी सोबत आहेत.

हत्तीदादाचा कोट नवा,
बटणं लावा, काजं शिवा.

आणि छत्रीच्या पानाला,

थेंब पडले टपटप चार,
हत्तीला छत्री पुरेना यार.

"यार" शब्दाला मुख्याध्यापकांनी हरकत घेतली होती. पोरांनी त्यांचं ऐकलं नाही.

बादलीचं मनावर घेऊ नकोस. स्वप्नाळू मुलं आदळतातच. मी स्वतः विजेच्या खांबाला नमस्कार केलेला माणूस आहे.

तुझा,
मामा


२८ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. नमस्कार.

पार्सल पोचलं. आणि त्यात जे झालं ते तुम्हाला कळवल्याशिवाय चैन पडेना.

मी तिला ओळी आधीच शिकवून ठेवल्या होत्या, पानं मोजून, अमुक पानाला अमुक. पुस्तक आलं तेव्हा मी स्वयंपाक करत होते, तर ह्यांनी ते तिच्या हातात दिलं. ही लागली म्हणायला. तुमच्या वर्गातल्या कुणा दिवट्याने मधली दोन पानं डिंकाने चिकटवून ठेवलीत. त्यामुळे छत्रीचं पान आतच राहिलं. हिला पत्ता नाही. हिने छत्रीच्या ओळी म्हटल्या तेव्हा समोर हत्ती पलंगावर घोरत होता. झोपेच्या ओळींना समोर वरात. तिथून शेवटपर्यंत सगळं एकेक पान मागे. पण आव काय. "बघा, ही छत्री" म्हणून उशीवर बोट ठेवलं. शेवटी पुस्तक संपलं तरी दोन ओळी उरल्या, तर तिने मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत त्याही म्हणून टाकल्या. आम्ही दोघं पोट धरून हसलो. हे म्हणाले, हिला पुस्तक कशाला आणायचं, हिला पाट दिला तरी वाचेल.

ती मात्र हसली नाही. आम्ही का हसतोय ते कळेना तिला. पुस्तक चाचपून चाचपून बघत राहिली.

जानेवारीची तारीख आलीय, सतरा. ओळींनी तिला धीर आलाय एवढं खरं.

तुमची,
ठकू


५ डिसेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना मी मोठ्याने हसलो. पलंगावर छत्री, पुठ्ठ्यावर वरात. मग चहा ठेवायला उठलो आणि पाणी उकळून आटेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

आज एक वेगळं पुस्तक पाठवतो आहे. त्यात एकही शब्द नाही. एक होडी निघते, पाण्यातून जाते, बेटावर लागते, तिथे एक कुत्रा चढतो. बस. याला मी ओळी केलेल्या नाहीत आणि तूही करू नकोस. एवढं माझं ऐक. भिंगरीला दिवसाउजेडी खिडकीपाशी बसव, पुस्तक तिच्या हातात दे आणि गप्प राहा. काहीही सुचवू नकोस. फक्त विचार, काय आहे गं यात? ती जे म्हणेल ते जसंच्या तसं मला कळव.

आणखी दोन-चार गोष्टी, आपल्या सहज. जमिनीवर बटण पडलं तर ती कसं शोधते? तू लांबून नुसता हात केलास, हाक न मारता, तर बघते का? जिना उतरताना आधी पाय पुढे टाकून चाचपते का? मास्तरकीची खोड म्हण हवं तर. मला मुलांच्या पुस्तक धरण्याच्या तऱ्हांची आवड आहे हे तुला ठाऊकच आहे.

थंडी वाढली आहे. तिला पायमोजे घाल.

तुझा,
मामा


२० डिसेंबर

मामा,
नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं केलं आणि घरात रडारड झाली.

पुस्तक दिलं. गप्प बसले. विचारलं, काय आहे यात? म्हणाली, तू आधी सांग. म्हटलं, नाही, आज तू सांगायचं. तर पान नाकाला लावलं, मान वाकडी केली, पुस्तक खिडकीकडे धरलं, परत घेतलं. म्हणाली, ओळी दे ना. मी म्हटलं, ओळी नाहीत. पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाली, पुस्तकात धूर झालाय.

धूर कसला? लख्ख निळं पाणी आहे, लाल होडी आहे. मला वाटलं मुद्दाम करतेय. सतरा तारीख डोळ्यांपुढे, आणि ही अशी. मी तिला चापट मारली. कधी मारत नाही. ती पुस्तक घेऊन पलंगाखाली गेली आणि तिथून गोगलगाईच्या ओळी म्हणत राहिली.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं. बटण ती हाताने जमीन थोपटून शोधते. लांबून हात केला तर बघत नाही, कारण तिचं लक्ष नसतं, हे मी तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहिलंय. जिना ती कठड्याला धरूनच उतरते, सगळीच लहान मुलं तशी उतरतात.

मामा, मी पुस्तकं विचारली होती. तुम्ही तपासणी सुरू केलीत. दिवसभर मी तेच काम करते, खोट शोधायचं. घरी आल्यावर माझ्या मुलीत मला खोट नको आहे.

ठकू


२४ डिसेंबर

चि. ठकू,

सहज म्हणून विचारलं, ते खोटं होतं. मी घाबरलो होतो आणि तुला घाबरवायचं नव्हतं. आता तेवढीही सवड नाही.

भिंगरीला दिसत नाही. किती दिसत नाही ते मला सांगता येणार नाही, पण तिला चित्रं दिसत नाहीत. ती वास घेत नव्हती, पोरी, ती बघायचा प्रयत्न करत होती. आणि मी इकडे खुर्चीत बसून डोळे पुसत होतो. पानं चिकटलेली असताना तिला हत्ती पलंगावर दिसला असता, तर तिनेच आपल्याला हसून सांगितलं असतं. तिने गोगलगाय पाहिलेली नाही. हत्ती पाहिलेला नाही. तिने माझ्या ओळी पाठ केल्या आणि आपल्याला खूश ठेवलं. ओळी नसत्या तर तुम्हाला केव्हाच कळलं असतं.

तिला रागावू नकोस. धूर झालाय म्हणाली ते खरं आहे. हाच तिचा अख्खा शोध आहे, की धूर पुस्तकात आहे. तिला वाटतं सगळ्यांनाच असं दिसतं आणि बाकीचे ओळखण्यात हुशार आहेत.

सतरा तारीख विसर. उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. पाया पडतो म्हण, पण ने.

मामा


१५ जानेवारी

चि. ठकू,

तुझं काहीच नाही. फोन केला तर कुणीतरी उचलला, माझ्या कानात नुसती खरखर, आणि बंद झाला. तू होतीस की जावईबापू, कळलं नाही. रडण्याचा आवाज वाटला. खरखर असेल.

मी रोज जिना उतरून पत्रपेटी बघतो. लॉंड्रीवाला आता विचारत नाही, नुसती मान हलवतो. माझ्यावर राग असेल तर असू दे. राग आहे एवढं तरी लिही.

मामा


३० जानेवारी

ती. मामांस,
सा. नमस्कार.

तुमचं ते पत्र मी वाचलं आणि तांदळाच्या डब्यामागे टाकून दिलं. ह्यांना दाखवलं नाही. चार दिवस तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. म्हातारा झालाय, एकटा आहे, काहीबाही सुचतं, असलं सगळं. भिंगरीला नवीन ओळी मीच जुळवून दिल्या. मला येत नाहीत, तरी जुळवल्या. आणि शाळेचं काय करायचं ते करू म्हणून तारखेची वाट बघत बसले.

मग एका दुपारी हे लवकर आले. मी घरात होते. भिंगरी जमिनीवर डबे रचत होती. ह्यांना तिची गंमत करायची होती, म्हणून दारात नुसते उभे राहिले, हात पसरून. रोज येतात तसे जिन्यात किल्ल्या वाजवत आले नाहीत, एवढाच फरक. दार सताड उघडं, बाहेर ऊन. भिंगरीने मान वर केली. ह्यांच्याकडे, अगदी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाली, "कोण आहे?"

ह्यांना वाटलं ती खेळतेय. हसले नाहीत, बोलले नाहीत. ती उठली आणि भिंतीला पाठ लावून माझ्या बाजूला सरकायला लागली. म्हणाली, "आई, कुणीतरी आलंय."

हे दारातच खाली बसले. मग मी डब्यामागून तुमचं पत्र काढलं. सतरा तारखेला शाळेऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लहान मुलांनाही होतो म्हणाल्या डॉक्टर. हळूहळू वाढत आलाय, म्हणून तिला कळलं नाही की काही कमी होतंय. मी विचारलं, काढला की दिसेल ना? म्हणाल्या, मोठ्या माणसाचं वेगळं. त्याला बघायचं कसं ते आधीपासून ठाऊक असतं. लहान मुलाचा मेंदू बघायला शिकत असतो, आणि ऐन शिकायच्या वयात समोर पडदा आला. शस्त्रक्रिया नीट होईल. पण ती बघेल का, आणि किती, ते आत्ता मी सांगणार नाही. आणखी उशीर नको, एवढं सांगते.

"आणखी" शब्दावर मी अडकून बसलेय, मामा.

कामावर जाते. कापड सरकतं. काल एक तुटका धागा सापडला, केसाहून बारीक. मुकादम म्हणाला, वा, काय नजर आहे. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

दहा तारखेला एक डोळा. तो सावरला की दुसरा. ती विचारते, दवाखान्यात कुठलं पुस्तक न्यायचं? मी काय सांगू? आणि पट्टी सुटल्यावर तिच्या हातात पहिलं कुठलं पुस्तक देऊ? मला सांगा. मला खूप भीती वाटते.

तुमची,
ठकू


४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

आधी हे, की उशीर तुझ्यामुळे झाला असं मनात आणू नकोस. आणलंस तर निम्मा माझ्या नावावर लाव.

तू विचारलेलं, पहिलं पुस्तक कुठलं. हाच प्रश्न घेऊन आईबाप जन्मभर माझ्या दारात येत राहिले आणि मी प्रत्येकाला उत्तर दिलं, फार डौलात दिलं. या वेळी माझ्याकडे उत्तर नाही. ट्रंक उघडून सगळी पुस्तकं पलंगावर मांडली. प्रत्येक उघडून विचार केला, हे तिच्यासमोर धरलं आणि ती म्हणाली धूर आहे, तर? आणि मिटून ठेवलं. मांडलेली पुस्तकं तशीच आहेत. मी खुर्चीत झोपतो.

माझं आणखी एक झालं आहे. सकाळी दाढी करताना मी नेहमी शाळेतली एखादी कविता म्हणतो, तुला माहीत आहे. हल्ली सुरुवात करतो आणि दुसऱ्या ओळीला तिचा आवाज कानात येतो, पलंगाखालून. मग पुढचं सुचत नाही. अर्धा गाल साबणाचा तसाच.

म्हणून पुस्तकाचं नको विचारूस. दवाखान्याचं मात्र सांगतो, ते मला कळतं. लहान मुलाला अंधाराची भीती वाटत नाही एवढी न सांगता झालेल्या गोष्टीची वाटते. तिला आधी सगळं सांग. तुझ्या डोळ्यावर पट्टी बांधतील, मग त्या डोळ्याने काहीच दिसणार नाही. तुझ्या हातात माझा हात असेल, तो थोडा वेळ सुटेल, मग परत येईल. सुटणार नाही असं खोटं सांगू नकोस. तिथली माणसं बोलत नसतील तर त्यांना सांग, आत शिरताना आपलं नाव घेत जा. जावईबापूंना सांग, किल्ल्या खिशात ठेवा आणि वाजवा.

माझा गुडघा प्रवास करू देत नाही. डॉक्टर नाही म्हणाले, मी त्यांच्याशी भांडलो, जिन्यात तीन पायऱ्या उतरलो आणि बसलो. लॉंड्रीवाल्याने वर आणून सोडलं. तेव्हा इथूनच.

तुझा,
मामा


३ मार्च

ती. मामांस,
सा. नमस्कार.

पत्राला उशीर केला, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली. तिने डोळा उघडलाच नाही. उघडला तो पाणी गळत, आणि पुन्हा गच्च मिटला. म्हणाली, बोचतंय, पट्टी द्या परत. घरी आणलं तर दिवसभर मिटलेल्या डोळ्यांनी कोपऱ्यात बसायची आणि ओळी म्हणायची, एकामागून एक, तुमच्या, माझ्या, सगळ्या. डॉक्टरांनी उजेड टाकून बघितलं. म्हणाल्या, डोळा छान आहे. मी विचारलं, दिसतं का? म्हणाल्या, चष्मा येऊ दे, मग बघू. ह्यांनी इतक्या दिवसांत एकही विनोद केला नाही. मी रात्री तिच्या पापणीला हात लावून बसायचे, जणू आत काही हलेल.

आज चष्मा बसवायला दवाखान्यात आलो. जाड भिंगाचा, मागे इलॅस्टिकने बांधलेला. बांधला, ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती. मला वाटलं, विचारलं नाही तोवर नाही म्हणता येणार नाही तिला.

इथे बसायच्या जागेत मुलांसाठी एक फळी आहे, जुन्या पुस्तकांची. तिला तिथे बाकावर बसवून मी खिडकीपाशी कागदांवर सही करायला गेले. तिने सवयीने हाताला आलं ते पुस्तक मांडीवर घेतलं. कुठलं ते मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल. त्याला ओळी नव्हत्या. मधलंच पान उघडलं. मी लांबून बघत होते, पेन हातात. तिने पुस्तक नाकाला लावलं नाही. मांडीवरच ठेवलं, मान खाली घातली आणि थांबली. किती वेळ थांबली ते सांगता येत नाही. मग तिचे खांदे वर गेले, पुस्तक तिने ढकलून दिलं, बाकावरून उडी मारली आणि धावत आली. दोन बाकांच्या मधून, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या काठीला वळसा घालून, कशालाही हात न लावता, सरळ माझ्याकडे. माझ्या पोटात तोंड खुपसलं आणि ओरडली, "त्याला झाक. तो बघतोय माझ्याकडे."

मी जाऊन बघितलं. पानभर घुबड. दोन पिवळे डोळे, बशीएवढे.

नर्स आल्या आणि मला बोलल्या, अहो, एवढ्या लहान मुलीला असलं पुस्तक कशाला दिलंत, घाबरली ना ती. मी त्यांना म्हटलं, हो, घाबरली. ह्यांना म्हटलं, अहो, घाबरली. हे तिथेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नर्सना वाटलं असेल या घरात सगळेच वेडे.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. डॉक्टर अजून काही कबूल करत नाहीत, फक्त म्हणाल्या, शिकेल, वेळ लागेल. मी पुन्हा भीतीने अर्धी होईन, ठाऊक आहे.

हे पत्र इथेच बाकावर बसून लिहितेय, घरी जाईपर्यंत धीर नाही. ती माझ्या मांडीवर आहे, अजून तोंड लपवून. "झाक ना" म्हणतेय. पुस्तक समोर जमिनीवर पडलंय, तसंच उघडं. मी झाकलेलं नाही. मधूनच ती माझ्या खांद्यावरून मान काढते, चष्म्यातून चोरून त्याच्याकडे बघते, आणि पुन्हा लपते.

तुमची,
ठकू